कॉफीची मर्यादा



चातुर्मास तोंडावर आला की आपल्या घरांतले डबे एकेक करून ओट्यावर येतात. पीठ कधी दळलंय, तिखट कधी कुटलंय, पापडाला बुरशी तर नाही ना, सगळं बघून होतं. कॉफीचा डबा मात्र या तपासणीतून बहुतेक सुटतो. ती बाजारातून बंद पाकिटात येते, काळी-तपकिरी पावडर असते, त्यात काय बघायचं?

परवा स्वाध्यायानंतर एका काकूंनी मात्र नेमकं तेच विचारलं. "कॉफीत चिकोरी असते म्हणे. ती कंदमुळात धरायची का?" कोणी म्हणालं, चिकोरी हा कॉफीचाच एक प्रकार. कोणी म्हणालं, रंगासाठी घालतात. काकूंचा कंदमुळाचा त्याग तीस वर्षांचा, आणि कॉफी त्याच्याही आधीपासूनची. त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

उत्तर एका वाक्यात देता येईल: चिकोरी हे मूळ आहे. पण ते मूळ आपल्या पेल्यात कसं आलं, ताजी कॉफी पुण्याच्या घरांतून कशी गेली आणि आता शौकीन लोक ती परत कशी शोधताहेत, ही सगळी गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कारण हे शौकीन जे आज नव्याने शिकताहेत, त्यातलं बरंचसं आपल्या आज्या 'मर्यादा' या एका शब्दात सांगत होत्या.

बुंद, मोखा आणि सुरत

कॉफी हा शब्द आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला, पण वस्तू त्याआधीची. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना बुंद किंवा बुंददाणे म्हणत. अरबी भाषेत कॉफीच्या बीला 'बुन्न' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. आणि त्या बियांच्या काढ्याला 'कहवा', ज्याचा आपल्याकडे 'कावा' झाला.

पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी साधक रात्रीच्या उपासनेत झोप येऊ नये म्हणून हा काढा पीत. तिथल्या मोखा बंदरातून कॉफी जगभर जाऊ लागली. भारतातून मोख्याला जाणारी जहाजं मुख्यतः सुरतेची, आणि त्या व्यापारात गुजरातचे वाणी, त्यांत जैनही, पुढे होते. सुरतेचे विरजी व्होरा हे नाव शिवचरित्रात आपण वाचलेलं असतं. १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा ज्यांची पेढी लुटली गेली, ते हे जैन सावकार. त्यांचा व्यापार तांबड्या समुद्रातल्या बंदरांपर्यंत पसरलेला होता.

मोगल दरबारात आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. १६१६ ते १६१९ या काळात तो हिंदुस्थानात होता. त्याने लिहून ठेवलंय की इथले धर्माने कडक असलेले लोक मद्य पीत नाहीत, त्याऐवजी एका काळ्या बीचा उकळलेला काढा घेतात, तो रुचकर कमी आणि आरोग्याला चांगला जास्त. म्हणजे आपल्या देशातली कॉफीची ही जुनी नोंद मद्य टाळणाऱ्या धार्मिक लोकांच्या संदर्भातली आहे. शौकाचं पेय ती नंतर झाली.

बी इथे रुजलं ते १६७० च्या सुमारास. परंपरा सांगते की हजहून परतताना बाबा बुडन यांनी सात बिया लपवून आणल्या आणि कर्नाटकातल्या चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या. उगवू शकणारी बी बाहेर जाऊ द्यायची नाही, असा अरबांचा दंडक होता. त्या डोंगराला आजही बाबा बुडनगिरी म्हणतात.

आपल्यापैकी अनेकींनी हा मुलूख पाहिलेला आहे, फक्त कॉफीच्या नजरेने पाहिलेला नाही. श्रवणबेळगोळ हासन जिल्ह्यात येतं. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला पुण्याहून गाड्या भरभरून गेल्या होत्या. दर्शन करून पुढे धर्मस्थळ, मूडबिद्रीकडे निघालं की सकलेशपूरच्या पुढच्या घाटात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच झाडांच्या सावलीत गडद हिरवी झुडपं दिसतात. खोडांवर मिरीचे वेल चढलेले असतात. ती झुडपं कॉफीची. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. आणखी खाली केरळच्या वायनाडमध्ये तर जैनांच्याच जुन्या कॉफीबागा आहेत. 'मातृभूमी' दैनिकाचे प्रमुख आणि खासदार राहिलेले एम. पी. वीरेंद्रकुमार (१९३६–२०२०) अशाच कल्पेट्ट्याच्या जैन बागायतदार घराण्यातले. कॉफी आपल्यापासून वाटते तितकी लांबची नाही.

पुण्याचा पेला

पुण्यात गरम पेयावरून केवढं रामायण होऊ शकतं, ते १८९० मध्ये दिसलं. १४ ऑक्टोबरला पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) यांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शहरात वादळ उठलं. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, १८९२ मध्ये चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली.

त्या वादात सगळा प्रश्न 'कोणाच्या हातचं' हा होता. पेल्यात काय आहे, ते कधीचं आहे, कसं बनलंय, हे कोणी विचारलं नाही. आपल्या धर्माने मात्र भक्ष्य-अभक्ष्याचा विचार जीवहिंसेवरून केला आहे. वस्तू कशाची, किती दिवसांची, तिच्यात जीवोत्पत्ती झाली असेल का, हे आपले प्रश्न. ते प्रश्न कॉफीला लावायला आपल्याला जरा उशीर झाला, इतकंच.

पुढे शहरात इराणी आले. डेक्कनवरचं गुडलक १९३५ चं. तिथला मान चहाला. स्वातंत्र्यानंतर उडुपीकडचे हॉटेलवाले आले आणि स्टीलच्या पेल्या-वाटीतली फेसाळ कॉफी पुणेकरांच्या ओळखीची झाली. फर्ग्युसन रस्त्यावरचं 'वैशाली' जगन्नाथ शेट्टी यांनी उभं केलं. त्याचं आधीचं नाव 'मद्रास हेल्थ होम'. रास्ता पेठेत नोकरीनिमित्त येऊन राहिलेली तमिळ कुटुंबं होती, त्यांच्या घरी पितळी फिल्टर होते आणि ताज्या दळलेल्या पावडरीचा आग्रह होता.

पण मराठी घरातली कॉफी वेगळीच. चहा रोजचा, कॉफी पाहुण्यांची. दुधात पावडर आणि साखर घालून उकळायची, वरून जायफळ किसायचं, वेलदोड्याची पूड टाकायची. मुलगी बघायला आलेले, लांबून आलेले व्याही, रात्र जागवणारे नातेवाईक, यांच्यासाठी कॉफी. तेव्हा कॉफीच्या वड्याही मिळत. साखर आणि कॉफी एकत्र दाबून केलेली वडी गरम दुधात टाकली की झालं काम. आपल्यातल्या साठीच्या पुढच्या बायकांना ती चव आठवत असेल.

आता खरं सांगायचं तर त्या पेल्यात चव कशाची होती? दुधाची, साखरेची आणि जायफळाची. कॉफी रंगापुरती आणि थोड्या कडवटपणापुरती. पावडर सहा महिन्यांची असली तरी कळायचं नाही.

मूळ पेल्यात कसं आलं

चिकोरी हे युरोपातलं निळ्या फुलांचं झाड, शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याचं मूळ मुळ्या-गाजरासारखं जमिनीत सरळ उतरतं. ते खणून काढायचं, काप करून वाळवायचं, भाजायचं आणि दळायचं. भाजल्यावर त्यातली साखर जळून खमंग-कडवट वास येतो, रंग दाट उतरतो. कॉफीतलं कॅफिन त्यात अजिबात नसतं.

हे कॉफीत मिसळायची कल्पना टंचाईतून आली. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याला कॉफीपायी देशाचा पैसा बाहेर जातो हे खुपायचं. १७८१ मध्ये त्याने कॉफी भाजण्याचा हक्क सरकारकडे घेतला आणि चोरून कोण भाजतंय हे वासावरून हुडकायला निवृत्त सैनिक नेमले. अशा वेळी सामान्य घरांनी चिकोरीचा आधार घेतला. १८०६ मध्ये नेपोलियनने इंग्रजी मालाची नाकेबंदी केली, तेव्हा फ्रान्समध्येही कॉफी दुर्मिळ झाली आणि चिकोरी घरोघरी गेली. नाकेबंदी उठली तरी जिभेला लागलेली सवय राहिली. आपल्याकडे चिकोरीमिश्रित कॉफीला 'फ्रेंच कॉफी' हे नाव पडलं, त्याचं मूळ हे.

मुंबईत ही कॉफी घराघरांत नेण्यात मोठा वाटा पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थांचा. १८८८ मध्ये, अगदी पोरवयात, त्यांनी कॉफी भाजून-दळून विकायला सुरुवात केली. 'पोल्सन' हे नाव त्यांचंच. पोल्सनची फ्रेंच कॉफी आधी नावाजली, लोणी नंतर आलं. आपल्या मराठी घरांना कॉफी म्हणून जी चव माहीत झाली, तिच्यात सुरुवातीपासून चिकोरी मिसळलेली होती. ती स्वस्त पडायची, रंग दाट यायचा, थोडीशी पावडर पुरायची. दक्षिणेतही अनेक घरांना चिकोरीशिवाय कॉफी 'पातळ' वाटते. यात कोणाची फसवणूक नव्हती. लोकांना तीच आवडत होती.

सवयीचा जोर किती असतो, याचं एक उदाहरण पोल्सनच्याच लोण्याचं. ते आंबलेल्या सायीपासून होई, त्याला ठसठशीत वास असे. पुढे आणंदच्या सहकारी संघाने, म्हणजे अमूलने, ताज्या दुधाचं लोणी आणलं तर गिऱ्हाइकांना ते फिकं लागलं! शिळेपणाच्या वासालाच जीभ चव समजत होती. (लोणी आपल्याला तसंही वर्ज्य; पण गोष्ट जिभेची आहे.)

आता काकूंच्या प्रश्नाकडे. चिकोरी जमिनीखालचं मूळ आहे, यात शंका नाही. वाद पुढचा आहे. काही जणी म्हणतात, आलं वर्ज्य असलं तरी सुंठ चालते, ओली हळद नाही पण वाळलेली चालते. मग वाळवून भाजलेली चिकोरी का नको? दुसऱ्या म्हणतात, सुंठ आणि हळद औषध म्हणून चिमूटभर जाते, चिकोरी नुसत्या चवीसाठी आणि निम्म्याला निम्मी. शिवाय सुंठ ही आपल्या आहारशास्त्रात विचार होऊन आलेली वस्तू, चिकोरीचा तसा विचार कधी झालेलाच नाही. मला दुसरं म्हणणं पटतं. ज्यांनी महाराजांपुढे किंवा माताजींपुढे नियम घेतला आहे, त्यांनी त्यांनाच विचारावं. पण विचारण्यासाठी आधी पेल्यात काय आहे हे माहीत हवं, आणि ते कळायची सोय आज आहे. आपल्या देशाच्या अन्ननियमांप्रमाणे मिश्र पावडरीत कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, चिकोरी ४९ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि दोन्हीचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. चष्मा लावा आणि वाचा.

ताजेपणा कुठे हरवला

मग लोकांनी ताजी, निर्भेळ कॉफी मागितली का नाही? मागितली असती तरी मिळणं अवघड होतं.

१९३० च्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले. देशातच कॉफी खपावी म्हणून १९३५ मध्ये कायदा करून कॉफीवर उपकर बसला, त्या पैशातून जाहिरात सुरू झाली आणि १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं 'इंडिया कॉफी हाऊस' उघडलं. पन्नाशीच्या दशकात सरकारने ही हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. १९५७ मध्ये बंगळूरला पहिली संस्था झाली, पुढे इतर शहरांत झाल्या, त्यांत पुणंही होतं.

महायुद्धात निर्यात अडली तेव्हा १९४२ चा कॉफी कायदा आला आणि कॉफी बोर्ड सर्वेसर्वा झालं. बागायतदाराने आपली सगळी कॉफी बोर्डाकडे जमा करायची. तिथे प्रतवारी होऊन सगळ्यांची कॉफी एकत्र व्हायची आणि लिलावाने विकली जायची. चांगला माल परदेशी जायचा. शेतकऱ्याला बुडू न देणारी ही व्यवस्था होती, तिचा उपकारही मोठा. पण एक झालं: कोणत्या बागेची, कोणत्या डोंगरावरची कॉफी आपण पितोय हे कोणालाच कळेनासं झालं. जास्त काळजी घेणाऱ्याला त्याचं वेगळं नाव मिळेना. दुकानात येईपर्यंत पावडर किती जुनी झाली, याचा हिशेब कोणी ठेवायचा?

ही व्यवस्था १९९० नंतर पायरीपायरीने सैल झाली आणि १९९६ मध्ये बागायतदाराला आपली सगळी कॉफी हवी तिथे विकायची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे निघालं. पुण्यात कॉलेजच्या मुलांना कॉफीवर तास घालवायची जागा मिळाली. २०१३ मध्ये स्टारबक्स पुण्यात आलं. आणि त्याच सुमारास देशात कॉफी छोट्या प्रमाणात भाजणारे लोक पुढे आले. दिल्लीत ब्लू टोकाई सुरू झालं, आपल्या नागपुरात कॉरिडॉर सेव्हन. त्यांच्या पाकिटावर बागेचं नाव असतं, जात असते, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, भाजल्याची तारीख असते.

भाजल्याची तारीख आणि आपली मर्यादा

या तारखेमागचं कारण समजून घेऊ. कॉफीची कच्ची बी हिरवट असते, कोरड्या जागी ती महिनोन्‌महिने टिकते. तिला वास जवळजवळ नसतो. सुमारे २०० अंशांवर भाजली की ती लाह्यांसारखी तडतडते, फुगते, वजनाने १५ ते २० टक्के घटते आणि शेकडो सुगंधी द्रव्यं तयार होतात. ती द्रव्यं उडून जाणारी असतात, आणि बियांतलं तेल हवेने खवट होतं. भाजल्यावर दाण्यातून काही दिवस वायू बाहेर पडत राहतो, म्हणून चांगल्या पाकिटाला एक लहानशी झडप असते: आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. अख्खा दाणा काही आठवडे चांगला राहतो. दळला की हवा लागणारा भाग कितीतरी पटींनी वाढतो आणि सुवास काही दिवसांतच ओसरतो. म्हणून शौकीन म्हणतात: दाणे थोडे आणा, ताजे आणा, लागतील तेवढेच दळा.

हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? आपल्या दिगंबर घरांत पिठाची मर्यादा थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. दळलेल्या मसाल्यालाही हाच नियम धरतात. अख्खा गहू वर्षभर राहतो, पीठ राहत नाही. श्वेतांबर मैत्रिणींकडे मिठाईचा काळ थंडीत ३० दिवस, उन्हाळ्यात २०, पावसाळ्यात १५. आकडे वेगळे, पण दोन्हीकडे पावसाळा सगळ्यांत लहान, कारण दमट हवेत पदार्थ लवकर बिघडतो आणि जीवोत्पत्ती होते. ज्याचा रंग, वास, चव पालटली त्याला आपण 'चलित रस' म्हणतो आणि ते बावीस अभक्ष्यांत मोजतो. शौकीन माणूस जुन्या कॉफीला 'मेलेली' म्हणतो. दोघांनी एकाच गोष्टीकडे बोट दाखवलं आहे.

पाण्याचंही तसंच. चांगली कॉफी करणारे सांगतात, पाणी शुद्ध हवं, नाहीतर दाण्याचे पैसे वाया. आपण गाळल्याशिवाय पाणी वापरतच नाही, आणि गाळलेल्याची मर्यादाही ४८ मिनिटांची धरतो.

गाळण्यावरून एक गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. जर्मनीत ड्रेस्डेन इथे मेलिटा बेंट्झ नावाची गृहिणी होती. कॉफीत राहणारा चोथा आणि कडवटपणा तिला नकोसा झाला होता. तिने पितळी भांड्याच्या तळाला भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला. स्वच्छ कॉफी खाली उतरली. १९०८ मध्ये तिने त्याचा हक्क नोंदवला आणि घरातच कारखाना सुरू केला. आज जगभर जो कागदी फिल्टर वापरतात तो हिचा. फडक्याने पाणी गाळणाऱ्या बायकांना ही बाई परकी वाटू नये.

जीभ आणि संयम

एवढं वाचून कोणी म्हणेल, म्हणजे आता महागडं यंत्र आणायचं का? इथे मात्र आपली आणि शौकिनांची वाट वेगळी होते.

शौकिनाचा शोध रसासाठी आहे. आणि रसाच्या मागे लागलं की थांबायचं कुठे, ते जीभ सांगत नाही. उदमांजराला कॉफीची फळं खायला घालून त्याच्या विष्ठेतले दाणे धुऊन विकणारी कॉफी जगात सगळ्यांत महागड्या कॉफींत गणली जाते. त्यासाठी कितीतरी ठिकाणी ती जनावरं पिंजऱ्यात कोंडलेली असतात. आपल्या कोडगूतही अशी कॉफी निघते. रसनेंद्रियाच्या लाडापायी हिंसा कुठवर जाते, याला दुसरं उदाहरण शोधायला नको.

पण एक गंमतही आहे. खरे जाणकार कॉफी दूध आणि साखर न घालता पितात, कारण त्यांना दाण्याची चव हवी असते. आपल्या रसपरित्याग तपात जे सहा रस सोडतात, त्यांत दूधही आहे आणि गोडही. दुधाच्या त्यागाच्या दिवशी मी पाण्यातली कोरी कॉफी घेऊन पाहिली. घरातल्या जुन्या पावडरीची घेतली तर घोट उतरेना, राखेसारखी चव. चार दिवसांपूर्वी भाजलेल्या दाण्यांची घेतली तर कडवटपणातही सौम्य गोडवा होता, आणि अर्ध्या पेल्यात मन भरलं. तेव्हा लक्षात आलं की दूध, साखर आणि जायफळ हे जुन्या पावडरीवरचं पांघरूण असतं. पांघरूण काढलं की वस्तू चांगलीच लागते, नाहीतर ती लागतच नाही. आणि वस्तू चांगली असली की थोडी पुरते. ऊनोदर साधायचा हा एक सोपा मार्ग आहे.

कॉफी हे उत्तेजक आहे, हेही विसरू नये. जास्त कडवट, स्वस्त रोबस्टा दाण्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं. ज्या पेल्याशिवाय सामायिकात बसता येत नाही, डोकं दुखतं, तो पेला आपला मालक झाला असं समजावं. पर्युषणात आठ किंवा दशलक्षणात दहा दिवस तो सोडून पाहिला की हे आपोआप कळतं. आठवडाभर आधीपासून प्रमाण कमी करत आणलं तर डोकेदुखीचा त्रासही फार होत नाही.

आमच्या घरी आता जे ठरलंय ते सांगते, पटलं तर घ्या.

चिकोरी नसलेली कॉफीच आणायची. पाकिटावर '१०० टक्के कॉफी' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं 'फिल्टर कॉफी' म्हटलं म्हणजे निर्भेळ असं नाही.

एका वेळी शंभर ग्रॅम, भाजल्याची तारीख बघून. अख्खे दाणे आणायचे आणि मसाल्याच्या वेगळ्या ठेवलेल्या छोट्या भांड्यात लागतील तेवढे फिरवायचे. चव आधीसारखी दाट येत नाही, ती सवय आठ-दहा दिवसांत सुटते.

दळलेलीच आणायची झाली तर पावसाळ्यात अगदी थोडी. डबा कोरडा, घट्ट झाकणाचा. फ्रिजमध्ये नको, तिथे ओल आणि इतर वास धरते.

कॉफी दिवसा, सूर्यास्ताच्या आत. रात्री पाहुणे आले तर त्यांना प्रेमाने बसवावं, गप्पा माराव्यात. आपल्या घरचा नियम त्यांना ठाऊक असतो आणि नसला तर सांगायला संकोच नको.

आणि घरातल्या मोठ्यांना एकदम 'तुम्ही इतकी वर्षं मूळ पीत होतात' असं म्हणू नये. त्यांच्या काळात पाकिटावर प्रमाण वाचायची सवय कोणालाच नव्हती, आणि चिकोरी नसलेली पावडर सहज मिळतही नव्हती. त्याग भावाने असतो, आणि त्यांचा भाव खरा होता. काकूंना मी एवढंच सांगितलं, की आजपासून तुम्हाला माहीत आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, "चिकोरीशिवायची कुठे मिळते गं?" तुमच्यापैकी कोणाच्या पेठेत ताजे दाणे भाजून देणारं चांगलं दुकान असेल तर मंदिरात भेटल्यावर सांगा.

जय जिनेंद्र.